नाव उलटली, मग पुढे काय?

मैत्रिणींनो, आपल्या भंडारा जिल्ह्यात नदी काही लांबची नाही. तुमसर, मोहाडी, भंडारा, पवनी असं करत वैनगंगा सगळा जिल्हा ओलांडून खाली जाते. तुम्ही आज शहरात राहत असाल, नळाचं पाणी भरत असाल, पण कुणाचं माहेर पैलतीरी असतं, कुणाची नणंद काठच्या गावात दिलेली असते, तर कुणाकडे कामाला येणारी बाई रोवणीच्या दिवसांत रजा घेऊन डोंग्यानं पलीकडे जाते. आंभोऱ्याला मोठा पूल झाला तरी आडवाटेचे घाट काही बंद झाले नाहीत. गोसीखुर्द धरणाचं पाणी पसरल्यावर तर पूर्वी पायी जायच्या वाटासुद्धा पाण्याखाली गेल्या.

डोंग्यात पाय ठेवताना आपण देवाचं नाव घेतो, नाकासमोर पदर धरतो आणि बसतो. पण डोंगा उलटलाच, तर तो चालवणाऱ्यावर कायद्यानं काय बंधन आहे, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? मलाही नव्हतं. २३ जानेवारी २०२४ ला याच वैनगंगेत, आपल्या खालच्या अंगाला, गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ नाव उलटली. मिरची तोडायला नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात निघालेल्या सहा बायका बुडाल्या. मिरचीची मजुरी ती केवढी! ती बातमी वाचली आणि मग मी हा विषय धुंडाळायला घेतला.

पहिलं बंधन सांगायलाच नको असं वाटेल, पण सांगते. नाव चालवणाऱ्यानं आधी माणसं वाचवायची. स्वतःच्या नावेला धोका होत नसेल तोवर पाण्यात पडलेल्याला मदत करणं हे त्याचं कर्तव्य आहे, आणि हे फक्त त्याच्याच उतारूंपुरतं नाही. शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या नावेवरही ती जबाबदारी येते. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. पंधरा माणसं गेली. तरीही आसपासच्या बोटी धावून आल्या म्हणून कितीतरी जण वर ओढले गेले.

दुसरं बंधन खबर देण्याचं. देशांतर्गत जलयान कायदा पूर्वी १९१७ चा होता, आता २०२१ चा आहे. दोन्हींत एक गोष्ट कायम राहिली: अपघात झाला की जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचं. नव्या कायद्यात त्याखेरीज राज्य सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यालाही कळवायचं आहे, आणि सरकार जिल्हाधिकाऱ्यांना चौकशी करायला सांगू शकतं. "घाबरलो म्हणून घरी जाऊन बसलो" हे उत्तर तिथे चालत नाही. खबर उशिरा लागली की काय होतं, हे १७ जुलै १९४७ च्या 'रामदास' बोटीनं दाखवून दिलं. मुंबईहून रेवसला जाणारी ती बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. आणि बोटीवर बिनतारी यंत्र नसल्यानं मुंबईला पत्ताच नव्हता. आज खिशात फोन असतो. ११२ फिरवायला वेळ लागत नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते, आणि तिच्याकडेच सगळे दुर्लक्ष करतात. नावेत किती माणसं होती, कोण कोण होती, हे नावाड्यानं खरं सांगायचं असतं. जास्त माणसं बसवली असली की आकडा लपवण्याचा मोह होतो. बारा असले तर आठ सांगायचे! पण मागे राहिलेल्या घराचं सगळं त्या आकड्यावर अडतं. देह सापडला नाही, तर सात वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही त्याला मृत धरण्याचा नियम आहे. सात वर्षं, बाई! तोवर विमा, पेन्शन, सातबाऱ्यावरचं नाव, सगळं लोंबकळत. मात्र तो माणूस त्या नावेत होता आणि बुडाला, हे साक्षीपुराव्यानं दाखवता आलं, तर एवढं थांबावं लागत नाही. म्हणून काठावरच्या लोकांनी, वाचलेल्या बायकांनी त्याच दिवशी पोलिसांच्या जबाबात एकेक नाव सांगावं. उद्यावर ठेवू नये.

आता शिक्षेचं. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. बेपर्वाईनं नाव हाकणं आणि भाड्यानं उतारू नेताना मोडकी किंवा अति भरलेली नाव वापरणं, हे दोन्ही वेगवेगळे गुन्हे आहेत. दोन्हींना सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. म्हणजे नाव उलटली नाही तरी गुन्हा होतोच. निष्काळजीपणानं कुणाचा जीव गेला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

इथे मनातलं बोलते. पकडला जातो तो बहुतेक वेळा वल्हं मारणारा. पिढ्यान्‌पिढ्या नदीवर जगणारा, बऱ्याचदा आपल्या ढिवर समाजातला, ज्याची स्वतःची नावही नसते. नाव दुसऱ्याची, घाटाचा ठेका तिसऱ्याचा, आणि "आणखी चार बसव" म्हणणारा चौथाच. नोकरानं कामात केलेल्या चुकीची भरपाई मालकाकडूनही मागता येते, हे लक्षात ठेवा. एकट्या नावाड्याला शिव्या देऊन परत येऊ नका. नाव कुणाच्या मालकीची, ते पंचनाम्यात लिहून घ्या. यंत्रावर चालणाऱ्या नावेला तर तपासणी, नोंदणी आणि विमा सक्तीचा आहे, तेव्हा विम्याचा कागद मागायचा. हातानं वल्हवायच्या नावेचीही नोंद व्हावी असं नवा कायदा म्हणतो. काठावर ते किती दिसतं, हे तुम्हीच पाहून सांगा.

गावात अशा वेळी एक बैठक बसते. जाणती माणसं म्हणतात, "झालं ते झालं, एवढे पैसे घ्या आणि मिटवून टाका." रडून रडून दमलेल्या बाईचा अंगठा कागदावर उमटतो. मैत्रिणींनो, निष्काळजीपणानं मृत्यूचा गुन्हा असा घरगुती तडजोडीनं मिटत नाही. कायद्यात तशी मुभाच नाही. उलट त्या कागदामुळे भरपाईचा दावा मात्र लंगडा होऊ शकतो. कुणी वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका, आणि कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही.

भरपाईसाठी १८५५ चा प्राणांतिक अपघात कायदा अजून चालू आहे. नवरा, बायको, आईवडील, मुलं यांच्यासाठी दावा लावता येतो. मुदत मृत्यूपासून दोन वर्षं. भाडं देऊन बसला असाल तर तुम्ही ग्राहक ठरता, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. तिथेही मुदत दोन वर्षांचीच. बुडालेला माणूस शेतकरी घरातला असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचीही चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लगेच करा, कारण तिथे अर्जाची मुदत फार थोडी असते.

यासाठी लागणारे कागद एका पिशवीत जपून ठेवा: फिर्यादीची प्रत (ती फिर्याद देणाऱ्याला फुकट मिळते), पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला. "देहाची चिरफाड नको" असं घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, त्यांचं दुःख समजतं. पण तो अहवाल नसला की पुढे प्रत्येक खिडकीवर अडवणूक होते. सासूबाईंना हे हळूच, पण त्याच दिवशी समजावून सांगावं लागतं.

आणि वकिलाच्या फीची काळजी असेल, तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं स्त्रीला मोफत वकील मिळतो. तिचं उत्पन्न किती, हे त्यात पाहत नाहीत. भंडाऱ्याच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. जाताना कागदांची ती पिशवी आणि आधारकार्ड बरोबर घ्या, आणि एकटीनं जाऊ नका. जाऊबाई, शेजारीण, कुणीतरी सोबत असू द्या.