व्हे प्रथिनांची जोडी: जमते कशी, सुटते कशी

(खापा, जि. नागपूर येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)

न तापवलेल्या दुधाला विरजण लावलं की दही सैल लागतं, उकळून लावलं की घट्ट. हे खाप्यातल्या कुठल्याही घरी माहीत आहे. आज त्याचं कारण बघू.

दूध फाडल्यावर किंवा चीज करताना जे पाणी उरतं, ते व्हे. गाईच्या दुधातल्या व्हे प्रथिनांपैकी साधारण निम्मं असतं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. १६२ अमिनो आम्लांची ही साखळी पिंपासारखी घडी घेते. आठ पट्ट्यांचं पिंप, आणि नववी पट्टी बाहेरच्या अंगाला.

जोडी जमवते ती मुख्यतः ही नववी पट्टी. दुसऱ्या रेणूची नववी पट्टी तिला उलट्या दिशेने लागून बसते आणि हायड्रोजन बंध जुळतात. शिवाय एका वळणावर ३३व्या जागेचा ऋणभार समोरच्या रेणूतल्या ४०व्या जागेच्या धनभाराला ओढतो. ताज्या दुधाचा सामू साधारण ६.७. तिथे हे रेणू बहुतेक जोडीनेच असतात.

आता आम्ल वाढवा. सामू ३च्या खाली गेला की दोन्ही रेणूंवर धनभार वाढतो, ते एकमेकांना ढकलतात. जोडी सुटते, पण प्रत्येकाची घडी शाबूत राहते.

उष्णतेचं तसं नाही. दूध ७० अंशांच्या पुढे गेलं की जोडी सुटते आणि घडीही उलगडू लागते. आत दडलेलं १२१व्या जागेचं सिस्टीन उघडं पडतं. त्याच्यातलं मोकळं गंधक कॅपा-केसीनशी पक्का बंध जोडतं. दूध गार झालं तरी तो सुटत नाही. मग दही लागताना व्हे प्रथिनंही केसीनच्या जाळ्यात सामील होतात, जाळं पाणी धरून ठेवतं. घट्ट दह्याचं कारण हे.

प्रश्न (श्रोत्यांतून): सर, पनीरच्या पाण्यात सगळं प्रोटीन असतं, ते लेकरांना पाजावं म्हणतात. खरं का?

उत्तर: नाही. पनीरचं दूध आपण उकळतो. त्यामुळे बहुतेक व्हे प्रथिनं केसीनला चिकटून पनीरमध्येच येतात. पाण्यात उरते मुख्यतः दुधातली साखर आणि क्षार. कणीक मळायला ते जरूर वापरा, पण लेकराच्या प्रथिनांचा हिशेब त्यावर धरू नका. चीजचं दूध सहसा इतकं तापवत नाहीत, म्हणून त्याच्या पाण्यात ही प्रथिनं शिल्लक राहतात. बाजारातली व्हे पावडर बहुतेक त्याच पाण्यापासून होते.