जुनी गाडी घेताय? ‘वॉरंटी नाही’ म्हणजे काय, ते पैसे देण्याआधी समजून घ्या



सोयाबीनचा पैसा हातात आला, कापसाची एक-दोन वेचणी झाली की ऑफिसात दरवर्षी एक प्रश्न ठरलेला असतो. “साहेब, एक जुनी गाडी बघितलीय, घेऊ का?” सध्या फवारणीपेक्षा याचेच फोन जास्त यायलेत. म्हणून आजचा संदेश पिकावर नाही, गाडीवर आहे. लांब आहे, पण गाडी बघायला निघण्याआधी एकदा पूर्ण वाचा.

आधी माझीच गोष्ट सांगतो. तीन वर्षांखाली मी एक सात सीटर डिझेल गाडी घेतली. आईला दवाखान्यात न्यायला दरवेळी भाड्याची गाडी शोधावी लागायची, म्हणून. किंमत ३ लाख ४० हजार. विकणारा माणूस गोड बोलणारा, गाडी धुवून चकाचक, इंजिन गरम. मी पोचायच्या आधीच त्यानं गाडी चालू करून ठेवली होती आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. चौथ्या आठवड्यात जिंतूर रोडवर गाडी तापली. हेड गॅस्केट गेलेलं, हेडला तडा, आणि तो तडा आधी एकदा जोडून घेतलेला. खर्च ६२ हजार. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये धरला तरी साडेअकरा क्विंटलच्या वर माल झाला, आणि बाजारात तेवढा भाव कुठं मिळतो ते तुम्हाला माहीतच आहे. त्याला फोन केला तर म्हणाला, “भाऊ, मी म्हणलं होतं ना, बघून घ्या.” खरंच म्हणला होता.

या ‘बघून घ्या’मध्ये सगळं आलं. नव्या गाडीला कंपनीची वॉरंटी असते, ठरलेल्या मुदतीत बिघाड निघाला तर कंपनी बघते. जुनी गाडी ‘जशी आहे तशी’ विकली जाते. माल विक्री कायदा १९३० सालचा आहे, त्याच्या कलम १६ मध्ये मुळातला नियमच असा की माल चांगला निघेल याची हमी आपोआप धरली जात नाही. त्याला अपवाद आहेत, पण ते सिद्ध तुम्हाला करावे लागतात.

फसवणुकीचं काय? करार कायद्यात विकणारा जाणूनबुजून खोटं बोलला किंवा दोष मुद्दाम झाकला तर ती फसवणूक धरतात. पण नुसतं गप्प बसणं ही सहसा फसवणूक होत नाही. मी विचारलंच नव्हतं, त्यानं सांगितलं नाही, विषय संपला. म्हणून विचारायचं, आणि व्हॉट्सॲपवर विचारायचं. इंजिन कधी उघडलंय का? अपघात झालाय का? गाडी पाण्यात बुडाली होती का? मीटर बदललंय का? कर्ज बाकी आहे का? एवढे पाच प्रश्न टाका आणि उत्तर लेखी येऊ द्या. जो माणूस फोनवर तासभर बोलतो पण दोन ओळी लिहून द्यायला तयार नाही, त्याच्या गाडीपासून मी तरी लांब राहीन.

गाडी कुणाकडून घेताय यानंही फरक पडतो. गाड्यांचा धंदा करणाऱ्यानं फसवलं तर परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार टाकता येते. आधी सल्ला हवा तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पण गावातल्या किंवा पाहुण्यातल्या माणसानं स्वतःची वापरातली गाडी विकली तर तो व्यापारी नाही. मग दिवाणी कोर्ट, आणि तिथल्या तारखांचा अनुभव बांधाच्या वादात आपल्यातल्या बऱ्याच जणांनी घेतलाय.

आता गाडी कशी बघायची. सकाळी जा, आणि आदल्या दिवशीच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बोनेटला हात लावून बघा. थंड इंजिन सुरू करताना खरं कळतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येतच राहिला तर कूलंट आत जात असेल किंवा डिझेल नीट जळत नसेल. ऑइलचं झाकण उघडा, आतून दुधाळ, सायीसारखं काही लागलेलं दिसलं तर ऑइलमध्ये पाणी गेल्याची शंका घ्या. माझ्या गाडीला हेच असणार, पण मी झाकण उघडलंच नाही, सीट कव्हर बघत बसलो. इंजिन चालू असताना त्याच झाकणातून जोरात वाफारा येत असेल तर मिस्त्री ज्याला बॅक कम्प्रेशन म्हणतात ते आलंय, म्हणजे इंजिनकाम जवळ आलं.

मीटरवर विश्वास ठेवू नका, ते मागं फिरवता येतं. ४० हजार किलोमीटर म्हणतो आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंग घासून चमकायलंय, तर हिशोब जुळत नाही. टायरवर चार आकडे असतात. २३२१ असेल तर २०२१ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी गेली असेल तर प्रत्येक सर्व्हिसचे किलोमीटर तिथं नोंदलेले असतात, मालकाला सोबत घेऊन ती नोंद मागा.

पाण्यात बुडालेल्या गाडीबद्दल जरा जास्त सांगतो, कारण हा धोका आपल्या दारात आहे. २००५ चा मुंबईचा पूर, २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात काय पाणी झालं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. पाण्यात गेलेल्या गाड्या पुसून, सुकवून बाजारात येतात, आणि पूर आला त्या जिल्ह्यातच विकल्या जातील असं नाही. अशा गाडीचं इंजिन चालतं, पण वायरिंग आणि सेन्सर सहा महिन्यांनी, वर्षानं एकेक करून जातात. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, टोकाला गाळाचा डाग राहिलेला असतो. मॅट उचला, सीटखालच्या पट्ट्यांवर गंज बघा, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. फार कडक सेंट मारलेलं असेल तर तेही विचारा, कशाला मारलंय.

यातलं काही जमत नसेल तर स्वतःचा मिस्त्री सोबत न्या. त्याचा दिवसाचा रोज आणि जेवण मिळून जो खर्च येईल, तो ६२ हजारांपुढं काहीच नाही. विकणाऱ्यानं सुचवलेला मिस्त्री चालणार नाही.

इंजिनचा बिघाड पैशानं निघतो. कागदाचा बिघाड निघेलच असं नाही. आपल्याकडं अजून पुष्कळ गाड्या ‘बॉण्डवर’ विकल्या जातात. ५०० च्या स्टॅम्पवर लिहिलं, दोन साक्षीदार, नोटरी झाली की लोक समजतात गाडी आपली झाली. आरटीओच्या दप्तरात जोवर तुमचं नाव चढत नाही, तोवर मालक जुनाच. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं असतं. गाडीवर कर्ज होतं तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवावा लागतो. आपल्या एका सभासदानं बोजा न उतरवलेली गाडी रोख पैसे देऊन घेतली. आठ महिन्यांनी फायनान्सवाले येऊन मोंढ्यातून गाडी घेऊन गेले. ज्याला पैसे दिले तो आता फोन उचलत नाही.

हे सगळं घरी बसून बघता येतं. एम-परिवहन ॲपवर नंबर टाका. पहिली नोंदणी कधीची, फिटनेस आणि विमा कधीपर्यंत, बोजा आहे का, ते कळतं. किती मालक झाले ते आरसीवर बघा. थकलेली ई-चलनं नंबर टाकून वेगळी तपासा. चेसिस नंबर गाडीवरचा आणि आरसीवरचा एकेक आकडा जुळवा. पूर्वी टॅक्सी म्हणून चाललेली आणि नंतर पांढरी पाटी लावलेली गाडी असेल तर ती किती पळाली असेल याचा अंदाज करा. एचएसआरपी नंबर प्लेट बसवलीय का बघा, १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांनाही ती सक्तीची आहे. पंधरा वर्षं भरत आलेली गाडी असेल तर नोंदणी नूतनीकरणाची फी आणि पर्यावरण कर किमतीत धरा.

दिल्ली पासिंगच्या गाड्या फार स्वस्त मिळतात असं बरेच जण सांगतात. कारण आहे. तिथं १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादानं आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं बंदी घातली, म्हणून त्या बाहेर निघतात. पण तिथलं एनओसी, इथला रोड टॅक्स आणि इथला नंबर घेईपर्यंत स्वस्ताई किती उरते, हिशोब करून बघा. एनओसी हातात आल्याशिवाय तर पैसेच देऊ नका.

आता जे गाडी विकायलेत त्यांच्यासाठी. सुप्रीम कोर्टाचा ६ फेब्रुवारी २०१८ चा एक निकाल आहे, प्रकरण पंजाब-हरियाणा हायकोर्टातून गेलेलं. मालकानं २००७ मध्ये गाडी विकली, ताबा आणि आरसी दिली, पण नाव बदललं नाही. गाडी पुढं हातोहात फिरली. २००९ मध्ये अपघात झाला, एकाचा जीव गेला. कोर्टानं भरपाईची जबाबदारी आरटीओच्या नोंदीतल्या त्या पहिल्या मालकावरच टाकली. म्हणजे दहा वर्षांखाली विकलेल्या जीपचा अपघात उद्या तुमच्या शेतीपर्यंत येऊ शकतो. तुमची जुनी गाडी कुणाच्या नावावर आहे, आजच ॲपवर नंबर टाकून बघा.

विम्याचंही तसंच. थर्ड पार्टी विमा गाडीसोबत तुमच्याकडं येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम पॉलिसी तुमच्या नावावर नसेल तर अडकतो. १४ दिवसांत विमा कंपनीला कळवा. नो क्लेम बोनस विकणाऱ्याकडंच राहतो, त्यामुळं फरकाचा हप्ता भरावा लागेल. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो, तोही पॉलिसीवर नाव असलेल्या मालकालाच. गाडी चालवणारे तुम्ही आणि कागदावर दुसरा, तर तुमच्या मागं घरच्यांच्या हातात काही पडत नाही.

वॉरंटीवाली जुनी गाडी मिळतच नाही असं नाही. मारुतीच्या ट्रू व्हॅल्यूसारख्या दुकानांत निवडक गाड्यांना मर्यादित वॉरंटी मिळते. किंमत थोडी जास्त पडते. तिथंही क्लच, ब्रेक, टायर, बॅटरी यातलं काय वगळलंय ते वाचून घ्या, आणि सर्व्हिस चुकली तर वॉरंटी जाते का तेही विचारा. तीन-चार वर्षांची गाडी असेल तर कंपनीची मूळ वॉरंटी शिल्लक आहे का, हे सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन विचारता येतं.

व्यवहाराच्या दिवशी पैसे बँकेतून द्या. ताबा घेतल्याची तारीख आणि वेळ दोन्ही लिहून घ्या, कारण आदल्या दिवशी त्या गाडीनं काय केलंय ते तुम्हाला माहीत नसतं. थोडी रक्कम नाव चढेपर्यंत मागं ठेवायची बोली करा. खरा माणूस घासाघीस करेल पण तयार होईल.

गाडी बघायला जायच्या आदल्या दिवशी आरसीचा फोटो ऑफिसच्या नंबरवर टाका किंवा स्वतः या. बोजा, विमा, चलनं आपण मिळून बघू, दहा मिनिटांचं काम आहे. इसार देऊन आल्यावर मात्र फोटो टाकू नका, मग आमच्या हातात काही राहत नाही.