तबकडीविना तबकडी : आभासी सर्व्हर जागा करण्याची युक्ती

१९ जुलै २०२४ रोजी क्राऊडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले. भारतातही काही विमानतळांवर प्रवाशांच्या हाती हस्तलिखित बोर्डिंग पास पडले. उपाय तसा किरकोळ होता. एक फाइल पुसून टाकायची. पण जो संगणक सुरूच होत नाही, त्यातील फाइल पुसावी कशी? टेबलावरच्या यंत्राला निदान पेन ड्राइव्ह लावता येतो. भाड्याने घेतलेला आभासी सर्व्हर मात्र दूरच्या डेटा सेंटरमध्ये, दुसऱ्याच यंत्राच्या पोटात नांदत असतो. मायक्रोसॉफ्टने तेव्हा दिलेल्या साधनात पेन ड्राइव्हबरोबर आयएसओ प्रतिमा बनवण्याचीही सोय होती, ती अशाच आभासी यंत्रांसाठी.

आयएसओ प्रतिमा म्हणजे सीडी किंवा डीव्हीडीची एकाच फाइलमध्ये साठवलेली तंतोतंत नक्कल. हे नाव आयएसओ ९६६० या १९८८ च्या मानकावरून रूढ झाले. सीडीवरून संगणक सुरू करण्याची रीत फिनिक्स आणि आयबीएम यांनी १९९५ मध्ये ठरवली. तिचे नाव 'एल तोरितो', म्हणजे चक्क कॅलिफोर्नियातील एका उपाहारगृहाचे! यजमान यंत्रावरील हायपरव्हायजर ही फाइल पाहुण्या सर्व्हरला सीडी ड्राइव्ह म्हणून दाखवतो. पाहुण्याला हा देखावा उमगत नाही. तो निमूटपणे 'तबकडी'वरून सुरू होतो.

ही सोय सर्वत्र मिळत नाही. २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आलेल्या केव्हीएमसारख्या तंत्रात पाहुण्याला स्वतःचा गाभा असतो, म्हणून तेथे हे जमते. ओपनव्हीझेडसारख्या कंटेनर पद्धतीत सर्वांचा गाभा एकच, तोही यजमानाचा. तेथे प्रतिमा जोडून काही उपयोग नाही. स्वस्त योजना घेण्यापूर्वी हे विचारून घेतलेले बरे.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे. सेवादात्याच्या नियंत्रण पॅनेलमध्ये प्रतिमा जोडायची, बूटक्रमात सीडीला अग्रक्रम द्यायचा, सर्व्हर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायचा. एसएसएच येथे कामाचे नाही, कारण ते चालू प्रणालीवरच विसंबून असते. पडदा पाहायचा तो पॅनेलमधील कन्सोलवर. बचावासाठीची लिनक्स प्रतिमा असेल, तर जुनी डिस्क आधी केवळ वाचनासाठी जोडावी, माहितीची प्रत बाहेर काढावी आणि मगच दुरुस्तीला हात घालावा. बहुतेकांचा क्रम नेमका उलटा असतो! विंडोज बसवताना डिस्कच दिसत नाही, अशी तक्रार नेहमीची आहे. अशा वेळी बहुधा व्हर्टआयओ ड्रायव्हरची दुसरी प्रतिमा जोडावी लागते.

याच वाटेने विसरलेला रूट पासवर्डही बदलता येतो. साहजिकच, पॅनेलची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्यापुढे सर्व्हरचा पासवर्ड निरर्थक ठरतो. डिस्क कूटबद्ध केलेली असेल, तरच हा मार्ग अडतो. मात्र तेव्हा कूटकिल्ली हरवलेला मालकही बाहेरच राहतो. २०२४ च्या त्या गोंधळात बिटलॉकरच्या किल्ल्या शोधताना अनेकांची अशीच दमछाक झाली.

काम संपताच प्रतिमा काढून घ्यावी. ती तशीच राहिली, तर पुढच्या रीस्टार्टला पुन्हा इन्स्टॉलर समोर येतो, आणि घाईत दाबलेले एंटर नुकतीच बसवलेली प्रणाली पुसून टाकू शकते.