सव्वा माणूस आणि एकचा आकडा

भारतात पिनकोड आहेत १९ हजारांच्या वर. लोकसंख्या १४० कोटी धरली, तर एका पिनकोडच्या वाट्याला साधारण ७३ हजार माणसं येतात. आता ऐंशी वर्षांतल्या सगळ्या जन्मतारखा घ्या आणि प्रत्येक तारखेचे बाई आणि पुरुष असे दोन खण करा. ८० गुणिले ३६५ गुणिले २, म्हणजे ५८,४०० खण. ७३ हजार माणसं त्यांत वाटली की एका खणात सरासरी सव्वा माणूस बसतो. दवाखान्याच्या फायलीतून नाव खोडलं, आधार क्रमांक काढला, फोन नंबर काढला, पण पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग ठेवलं, तर 'अनामिक' म्हणून जो उरतो तो हा सव्वा माणूस. वय पंच्याहत्तरच्या पुढे असेल, तर सव्वाही नाही.

आपल्याकडे या हिशोबात एक मेख आहे: १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली ही तारीख गावोगावच्या दाखल्यांवर आहे. त्या एका खणात इतकी गर्दी आहे की कुणाला शोधायचं म्हटलं तरी सापडणार नाही. गोपनीयतेचं एवढं काम गुरुजींनी नकळत करून ठेवलं.

अमेरिकेत हे प्रत्यक्ष करून दाखवलं संशोधक लटान्या स्वीनी यांनी, १९९७ च्या सुमारास. मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावं काढून संशोधकांना दिल्या गेल्या होत्या. स्वीनींनी केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली आणि राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख शोधली. त्या तारखेचे शहरात सहा जण, त्यांत पुरुष तीन, आणि वेल्ड यांच्या झिपकोडमध्ये, म्हणजे तिथल्या पिनकोडमध्ये, एकच. पुढे २००० साली त्यांनी हिशोब मांडला की या तीन गोष्टींवरून ८७ टक्के अमेरिकी माणसं एकेकटी ओळखता येतील. २००६ च्या फेरमोजणीत हा आकडा ६३ टक्क्यांवर आला. कमी झाला खरा, पण जिवाला स्वस्थता यावी इतका नाही.

अशी फाईल संशोधनासाठी दुसऱ्या देशात गेली की तिथला कायदा तिथला, आणि एकदा झालेली नकल परत मागवता येत नाही. शिवाय फाईल हलवणंच आता अवघड झालंय. ब्रिटनच्या यूके बायोबँकेने २०२३ च्या नोव्हेंबरात ४,९०,६४० जणांचे संपूर्ण जनुकीय क्रम जगभरच्या संशोधकांना खुले केले. हा ऐवज सुमारे २७.५ पेटाबाइटचा. सेकंदाला एक गिगाबिट वेगाने उतरवून घ्यायला बसलं, तर जवळजवळ सात वर्षं लागतील. म्हणून माहिती जागेवरच राहते, संशोधक बायोबँकेच्या संगणकव्यवस्थेत शिरून काम करतो.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, कारण त्याचं गणित पाचवीतलं आहे. डेटाशील्ड नावाच्या प्रणालीत कुणाचीही नोंद ती जिथे जमवली त्या केंद्राबाहेर पडत नाही. प्रश्न केंद्राकडे जातो. समजा, एका देशातल्या केंद्रात ४,००० माणसं आहेत आणि त्यांच्या साखरेची बेरीज ४,८०,०००. दुसऱ्या देशात १,००० माणसं, बेरीज १,३०,०००. एकाची सरासरी १२०, दुसऱ्याची १३०. या दोन सरासऱ्यांची सरासरी १२५ काढली, तर उत्तर चुकलं. पण दोन्हीकडून फक्त बेरीज आणि माणसांची संख्या मागवली, तर ६,१०,००० भागिले ५,००० म्हणजे १२२, आणि हे अचूक. सगळ्या नोंदी एका टेबलावर आणून आलं असतं तेच उत्तर. युरोपातल्या बायोशेअर प्रकल्पाने सहा देशांतल्या आठ अभ्यासांची माहिती अशीच जोडली. खरा घाम मात्र आधीच निघाला: 'धूम्रपान करता का?' हा प्रश्न प्रत्येकाने वेगळ्या पद्धतीने विचारलेला, त्यामुळे असे ९६ रकाने आधी एकमेकांशी जुळवून पाहावे लागले.

पण उत्तरंही फितूर होतात. समजा, एका जिल्ह्यात एका आजाराचे रुग्ण ४१२ आहेत. मग विचारलं, नव्वदीच्या आतले किती? ४११. दोन्ही आकडे भरभक्कम, आणि वजाबाकी एक. गावातल्या त्या आजोबांना सगळे ओळखतात. म्हणून या व्यवस्थांमध्ये छोट्या आकड्यांवर पहारा असतो. डेटाशील्ड मुळात तीनपेक्षा कमी माणसांचा खण दाखवतच नाही. अमेरिकेची मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविम्याची यंत्रणा एक ते दहा लपवते. इंग्लंडमधली ओपनसेफली ही आरोग्यनोंदींची व्यवस्था सात किंवा त्याहून लहान आकडे खोडते आणि उरलेले पाचाच्या पटीत आणते. मग ४१२ आणि ४११ दोन्ही ४१० होतात आणि वजाबाकीला काही सापडत नाही. त्यानंतरही दोन माणसं प्रत्येक तक्ता डोळ्यांखालून घालतात, मगच तो बाहेर पडतो.

जनुकांपुढे हा पहाराही पुरत नाही. २००८ मध्ये होमर नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हजारो जनुकीय खुणांची नुसती टक्केवारी हाती असली आणि एखाद्याचा डीएनए मिळाला, तर तो माणूस त्या गटात होता की नाही हे सांगता येतं. त्याच वर्षी अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने तोवर सगळ्यांना खुले असलेले असे तक्ते परवानगीच्या आड नेले. एप्रिल २०२५ पासून तर अमेरिकेने चीन, रशिया, इराण यांसारख्या सहा देशांकडे जाणाऱ्या माहितीपुरती रेघच ओढली आहे: आरोग्याच्या नोंदींना मर्यादा १०,००० माणसांची, जनुकीय माहितीला फक्त १०० ची.

हा १०० चा आकडा आपल्या जीनोमइंडिया या जनुकीय माहितीच्या प्रकल्पाशेजारी ठेवून पाहावा. फरीदाबादच्या केंद्रात असलेली ही माहिती जानेवारी २०२५ मध्ये परवानगीने वापरायला खुली झाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात माणसं ९,७७२ आणि लोकसमूह ८३, म्हणजे एका समूहामागे सरासरी ११८. लग्नं आपापसातच होणाऱ्या लहान जमातीत अमुक आजाराचं जनुक इतक्या टक्क्यांत आढळतं, हे वाक्य कुणा एकाविषयी नसतं. उद्या विमा कंपनीने किंवा सोयरीक जुळवणाऱ्याने ते वाचलं, तर नमुना न दिलेल्यांनाही त्याची झळ लागेल. आपला २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा एकेका व्यक्तीच्या माहितीपुरता आहे. आणि तीन, सात, दहा, कुठलीही गाळणी लावली तरी ११८ चा गट तिच्यातून सहज पार होतो.