ऐन वृक्षाची ओळख : पाने, साल व आकार
(संदर्भ : परंदवडी परिसर, ता. मावळ, जि. पुणे)

प्रस्तावना :
परंदवडी हे मावळ तालुक्याच्या पूर्व भागातील गाव होय. येथून पश्चिमेस लोणावळ्याकडे जाताना पर्जन्यमान झपाट्याने वाढते व वृक्षसंपदाही बदलत जाते. मावळातील पानझडी वृक्षांत ऐन (टर्मिनालिया एलिप्टिका) महत्त्वाचा आहे. तथापि त्याच प्रजातीतील अर्जुन व किंजळ यांच्याशी त्याची गल्लत होते. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. तसेच वृक्षतोडीचे विनियमन करणाऱ्या महाराष्ट्राच्या १९६४ च्या अधिनियमातील अनुसूचीत ऐन व किंजळ यांचा समावेश आहे. त्यामुळे वृक्षाच्या नावातील चूक केवळ शास्त्रीय राहत नाही. तिचा परिणाम वृक्षाच्या संरक्षणावरही होतो.

१. पाने :
ऐनाची पाने जाड, लंबवर्तुळाकार व जवळजवळ समोरासमोर असतात. पानाच्या खालच्या बाजूस, देठालगत मध्यशिरेवर एक किंवा दोन ग्रंथी आढळतात. परंतु अर्जुनाच्या पानाच्या तळाशीही अशा ग्रंथी असतात. पानांवरील लव तर झाडागणिक कमीअधिक असते. म्हणून केवळ पानांवरून निर्णय करणे योग्य नव्हे.

२. साल :
प्रौढ ऐनाची साल काळपट असून उभ्या खोल भेगा व आडवे तडे यांमुळे तिचे चौकोनी तुकडे पडतात. ती मगरीच्या पाठीसारखी दिसते. याउलट अर्जुनाची साल गुळगुळीत व पांढुरकी असून तिचे पातळ पापुद्रे सुटतात. उन्हाळ्यात ऐन निष्पर्ण असतानाही ही खूण कायम राहते. कोवळ्या ऐनाची साल मात्र भेगाळलेली नसते.

३. आकार व फळे :
ऐनाचे खोड सरळ वाढते. अर्जुन प्रामुख्याने ओढ्या-नद्यांच्या काठी आढळतो. त्याचा बुंधा आधारमुळांनी रुंदावलेला व फांद्या खाली झुकलेल्या असतात. ऐन व अर्जुन या दोहोंच्या फळांना पाच पंख असतात. ऐनाच्या पंखांवरील रेषा आडव्या कडेपर्यंत जातात, तर अर्जुनाच्या रेषा वर वळतात. किंजळीच्या फळास एक मोठा व दोन लहान पंख असतात.

निष्कर्ष :
प्रौढ वृक्षाची साल प्रथम पाहावी, नंतर आकार व अधिवास, आणि शेवटी ग्रंथी व फळे यांवरून खात्री करावी. कोवळ्या झाडाबाबत फळे येईपर्यंत नोंद 'तात्पुरती' ठेवणे इष्ट ठरते. क्षेत्रभेटीत विद्यार्थ्यांकडून हा क्रम पाळून घेतल्यास नोंदवहीची विश्वसनीयता वाढेल.