फुकट खुर्चीचे पैसे कोण भरतं?

देणगी आणि खरेदी यांत फरक काय, हा आजचा प्रश्न. नुसत्या व्याख्या करत बसलो तर तास संपेल आणि हाती फारसं काही लागणार नाही. म्हणून आपण एक चालतं-बोलतं उदाहरण घेऊ, न्यूयॉर्क शहरातलं.

तिथल्या सेंट्रल पार्कमध्ये डेलाकोर्ट नावाचं खुलं नाट्यगृह आहे. साधारण १८०० माणसं बसतील एवढं. उन्हाळ्यात तिथे शेक्सपिअरची नाटकं होतात आणि तिकिटाला पैसे पडत नाहीत. लोक सकाळपासून बागेत रांग लावतात, सतरंज्या पसरून बसतात. हे सगळं पब्लिक थिएटर नावाची संस्था चालवते. आणि हीच संस्था निधी उभा करायला एक झगमगीत सोहळा भरवते; तिकडे त्याला ‘गाला’ म्हणतात. श्रीमंत मंडळी आणि कंपन्या जेवणाची अख्खी टेबलं घेतात, एकेका टेबलाला हजारो डॉलर मोजतात.

आता बघा, फुकट नाटकासाठी इतकं महागडं जेवण! यात विसंगती आहे का? पुष्कळांना वाटतं, आहे. आपण जरा खोलात जाऊ.

आधी ‘फुकट’ हा शब्द कुठून आला ते पाहू. जोसेफ पॅप या माणसानं १९५४ मध्ये हा उद्योग सुरू केला. १९५७ साली तो ट्रकवर रंगमंच लादून शहरातल्या वस्त्यावस्त्यांतून फिरला. मग नाटक सेंट्रल पार्कमध्ये स्थिरावलं. १९५९ मध्ये बागांचे आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी अट घातली, की प्रेक्षकांकडून पैसे घ्या, कारण गर्दीनं गवत खराब होतं आणि त्याचा खर्च पडतो. पॅपनं साफ नकार दिला आणि तो कोर्टात गेला. अपिलात निकाल त्याच्या बाजूनं लागला. पुढे १९६२ मध्ये पक्कं नाट्यगृह उभं राहिलं, त्याला प्रकाशक जॉर्ज डेलाकोर्ट यांची देणगी मिळाली आणि त्यांचं नावही. पहिलं नाटक होतं ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’. पैशाच्या करारावरचंच नाटक, बरं का!

मोझेस यांचा मुद्दा मात्र अगदीच टाकाऊ नव्हता. गवताचा खर्च खरा होता. नटांचा, दिव्यांचा, सुतारांचाही खरा असतो. ‘फुकट’ याचा अर्थ खर्च नाही असा नव्हे. खर्च दुसरं कोणीतरी उचलतं, एवढाच. तर मग आपला प्रश्न असा होतो: जो पैसे भरतो, त्याला बदल्यात काय मिळावं?

इथे अमेरिकेचा करकायदा मोठी तत्त्वज्ञानाची गोष्ट करून जातो. समजा, आपण गालासाठी १००० डॉलर दिले आणि जेवणाची बाजारातली किंमत २०० डॉलर आहे. तर कायदा सांगतो, २०० ही खरेदी आणि देणगी फक्त ८००. करात सवलत मिळाली तर त्या ८०० वरच. ७५ डॉलरपेक्षा जास्त रक्कम घेऊन बदल्यात काही दिलं असेल, तर त्याची अंदाजी किंमत संस्थेनं देणाऱ्याला लेखी कळवावी लागते. म्हणजे जे परत मिळालं ते वजा करा, उरेल ते दान. व्याख्या म्हणून हे चोख आहे.

पण यात एक गोष्ट निसटते. जेवणाची किंमत काढता येते. मान-मरातबाची कशी काढणार? आणि शब्दाला वजन येतं, त्याची?

या बाबतीत जुन्या अथेन्सकडे पाहण्यासारखं आहे. तिथे नाटकातल्या कोरसचा खर्च एखाद्या धनवान नागरिकावर सोपवत. त्याला ‘खोरेगोस’ म्हणत. ख्रिस्तपूर्व ४७२ मध्ये इस्किलसच्या ‘पर्शियन्स’चा खर्च तरुण पेरिक्लीसनं केला होता. नाटक जिंकलं तर खोरेगोसचं नाव दगडावर कोरलं जाई. मात्र स्पर्धेत कोणत्या कवीला घ्यायचं, हे आर्कोन नावाचा नगराचा अधिकारी ठरवी. पैसे देणाऱ्याला मान होता, निवडीचा हक्क नव्हता. आणि पुढच्या काळात गरीब नागरिकांना नाटक बघता यावं म्हणून नगराचा वेगळा निधीही होता.

हा भेद आपण घट्ट धरून ठेवू: मान वेगळा, हक्क वेगळा. आपल्याकडेही वर्गणीदाराचं नाव फळ्यावर लिहितात. म्हणून काही तो कीर्तनकाराला आख्यान बदलायला सांगत नाही. सांगायला लागला, तर समजावं की त्यानं वर्गणी दिली नाही, कीर्तन विकत घेतलं.

न्यूयॉर्कमध्ये याची कसोटी २०१७ साली लागली. ऑस्कर युस्टिस यांनी ‘ज्युलियस सीझर’ बसवलं, त्यात सीझर त्या वेळच्या राष्ट्राध्यक्षांसारखा दिसत होता. गदारोळ झाला. डेल्टा एअरलाइन्स आणि बँक ऑफ अमेरिका यांनी पाठिंबा काढून घेतला. तरी नाटक बदललं नाही. ठरलेल्या तारखेपर्यंत चाललं. पाठिंबा काढायचा हक्क कंपन्यांना होताच. प्रश्न होता तो संस्थेचा, की गेलेल्या पैशासाठी ती नाटक बदलते का. एकाच कंपनीवर डोलारा उभा असता, तर काय झालं असतं याचा विचार करा. पुष्कळ देणगीदार असण्यात हाच फायदा: कोणा एकाच्या हातात गळा राहत नाही. गालाचं खरं समर्थन, आमच्या मते, इथे आहे.

आता दुसरी बाजू. पैसे नाहीत तिथे रांग आली, आणि रांगेत वेळ मोजावा लागतो. काही लोक पैसे घेऊन दुसऱ्यासाठी रांगेत उभे राहू लागले. मायकल सँडेल या तत्त्वज्ञानं हेच उदाहरण घेऊन दाखवलं आहे, की अशानं सार्वजनिक भेट बाजारातला माल होते. शिवाय ठरावीक देणगी देणाऱ्यांसाठी संस्था स्वतःही काही खुर्च्या राखते. तिथे दान आणि खरेदी यांची सरमिसळ होते, हे नाकारता येणार नाही. आणि दोन पाळ्यांत राबणाऱ्या बाईनं दिवसभर रांगेत बसायचं कधी? म्हणून संस्थेनं सोडत सुरू केली, शहराच्या इतर भागांतही पासवाटप केलं आणि फिरतं नाटक तुरुंगांपर्यंत, निवारागृहांपर्यंत नेलं. यानं अडचण पुरती सुटत नाही, थोडी हलकी होते.

तेव्हा अशा सोहळ्याकडे बघताना जेवणाच्या थाटावर फार अडकू नये. तीन गोष्टी विचाराव्यात. देणाऱ्याला मान मिळाला की हक्क? एक देणारा गेला तर काम उभं राहतं का? आणि राखीव खुर्च्या वाढता वाढता रांगेतल्या माणसासाठी किती उरल्या? तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड, कारण तो दर वर्षी नव्यानं मोजावा लागतो. आपापल्या गावातल्या महोत्सवांनाही हे प्रश्न लावून पाहा. आणि आता तुमचे प्रश्न घेऊ.