तारली कुठे गेली?

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्याच सुमारास केरळच्या किनाऱ्यावरही एक टंचाई चालू होती, पण ती माशांची. २०१२ साली तेथे सुमारे ३ लाख ९० हजार टन तारली मिळाली होती. २०१५ साली हा आकडा ७० हजार टनांच्या खाली आला. या दोन टंचायांचा एकमेकींशी काही संबंध असेल का?

नांदेड-लातूरकडे ओळखीची मासळी म्हणजे नदी-तलावांतली रोहू, कटला, मरळ. तारली ही समुद्रातली. इंग्रजीत तिला सार्डिन म्हणतात. वीतभर लांबीचा, चंदेरी, तेलकट मासा; हजारोंच्या थव्याने किनाऱ्याजवळ फिरतो. तिचे सगळे आयुष्य दोन-अडीच वर्षांचे. त्यामुळे तिचा हिशेब झाडापेक्षा खरिपाच्या पिकासारखा मांडावा लागतो. नैर्ऋत्य मोसमी वारे सुटले की केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी आत समुद्राकडे ढकलले जाते आणि त्याच्या जागी खालचे थंड, क्षारयुक्त पाणी वर येते. या 'खतावर' डायटमसारख्या सूक्ष्म वनस्पती भराभर वाढतात. तेच तारलीचे मुख्य अन्न. जून ते ऑगस्टच्या सुमारास ती अंडी घालते, एकेक मादी हजारोंनी. पावसाळा साधला तर समुद्र तारलीने भरतो. नाही साधला तर पुढच्याच वर्षी जाळी रिकामी. साठवलेले बियाणे फारसे नसतेच.

२०१५ साली पावसाळा साधला नाही. पॅसिफिक महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापले होते. यालाच 'एल निन्यो' म्हणतात. अशा वर्षी आपल्याकडचा मोसमी पाऊस पुष्कळदा कमकुवत असतो. मराठवाड्यात दुष्काळ पडला, तर केरळसमोरच्या समुद्राचे तापमान वाढून तारलीचे अंडी घालणे विस्कळीत झाले.

असे एकदाच घडलेले नाही. १९७२ चा दुष्काळ आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना आजही आठवतो. तेही एल निन्योचे वर्ष होते. तेव्हा पेरू देशाच्या किनाऱ्यावर तारलीचाच एक लांबचा नातेवाईक, अँकोव्हेटा, एकाएकी दिसेनासा झाला. १९७० साली त्याची पकड १ कोटी २० लाख टनांच्या वर होती. १९७३ साली ती २० लाख टनांच्या आसपास उरली. या माशांची भुकटी जगभर कोंबड्यांच्या खाद्यात जात असे. ती मिळेना म्हणून सोयाबीनच्या पेंडीची मागणी वाढली, भाव भडकले, आणि जून १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनची निर्यात काही काळ थांबवली. लातूरच्या आडतीवर आज सोयाबीनचा भाव विचारणाऱ्या शेतकऱ्याला या माशाचे नाव माहीत नसेल, पण पेंड आणि मासळीची भुकटी अजूनही एकमेकींच्या स्पर्धक आहेत.

मात्र सगळा दोष एल निन्योवर टाकता येणार नाही. पेरूमध्ये त्याआधीची काही वर्षे बेसुमार मासेमारी चालली होती. केरळमध्येही २०१२ च्या भरघोस वर्षानंतर लहान, अंडी न घातलेली पिले मोठ्या प्रमाणावर पकडली गेल्याचे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. मग मासा कमी होतो आहे हे कोळ्यांना वेळेवर कळत का नाही?

हे वर्गात करून पाहता येते. शंभर चिंचोके पटांगणात विखरून टाका. एका मुलाला डोळे बांधून दहा-दहा सेकंद वेचायला लावा आणि प्रत्येक फेरीची संख्या फळ्यावर लिहा. चिंचोके कमी होत जातील तशी संख्याही घटेल. आता त्याच शंभरांचे दहा-दहाचे ढीग करा, डोळे उघडे ठेवू द्या, आणि एका फेरीत एकच ढीग उचलायचा असा नियम करा. फळ्यावर दहा, दहा, दहा असे आकडे येत राहतील. दहाव्या फेरीतही दहाच. अकराव्या फेरीत शून्य! तारली थव्याने राहते, आणि थवा शोधायला नावेवर यंत्रे असतात. शेवटच्या थव्यापर्यंत जाळे भरूनच येते. आपल्याकडे बोअरचे असेच होते. पाणीपातळी पंपाच्या खाली जाईपर्यंत धार जाडच असते.

म्हणून पकडीच्या आकड्यावर विसंबून चालत नाही; नियम आधीच घालावे लागतात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. तारलीच्या विणीचा बराच काळ त्यात येतो. अख्खा थवा वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याने २०१६ साली निर्बंध घातले. केरळने १० सेंटिमीटरपेक्षा लहान तारली पकडण्यास मनाई केली आहे. आम्हाला ही मर्यादा तोकडी वाटते, कारण तारली साधारण १५ सेंटिमीटरची झाल्यावर वयात येते. अर्थात, मर्यादा वाढवली तर लहान होडीवाल्याच्या त्या हंगामातल्या कमाईचे काय, हा प्रश्न खराच आहे.

केरळची पकड २०२१ साली अवघ्या ३,२९७ टनांवर आली होती. २०२३ साली ती पुन्हा लाख टनांच्या वर गेली, आणि २०२३ हेही एल निन्योचेच वर्ष होते.